दादाचं माप

“तू बस, मी बघतो,” मोरूदादा म्हणाला आणि शेडच्या दारातली खुर्ची पायानं ओढून समोर बसला.

मी हातातला पाना खाली ठेवला. जमिनीवर नवी लाकडी फ्रेम मांडली होती. राफ्टच्या मागच्या अंगाला ही फ्रेम बांधतात, तिच्यावर वल्हवणारा बसतो, दोन हातांत दोन लांब वल्ही घेऊन. पर्यटक पुढं बसतात, छोटी वल्ही मारतात, किंचाळतात, एकमेकांवर पाणी उडवतात. पण राफ्ट कुठं जायची ते मागं बसलेला ठरवतो. तेव्हा कोलाडला कुंडलिकेवर माझ्या भावासारखा दुसरा वल्हवणारा नव्हता. बहीण म्हणून सांगत नाही हो, वाटलं तर टेकला विचारा. टेकबहादूर नेपाळचा, मोठमोठ्या नद्या पाहून आलेला, आणि तोही दादाला ‘दाइ’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून मान द्यायचा.

मी फळीवर बसले. दादा म्हणाला, पाय लांब कर. केले. आडव्या दांडीला टाच टेकते का विचारलं. म्हटलं, टेकत नाही, माझे पाय तुझ्यासारखे ताडाचे आहेत का? त्यानं दांडी माझ्याकडं सरकवायला सांगितली.

“अरे पण बसणार तू, आणि दांडी माझ्या पायाला कशाला?”

“तुझ्यावरनं मला अंदाज येतो. बोल्ट घाल.”

मी बोल्ट घातला. त्याच्या हाताला पाना धरवत नव्हता, म्हणून तर मी होते.

हात आदल्या पावसाळ्यात पडायला लागला. आधी चहाचा कप निसटला, तेव्हा आम्ही सगळे हसलो. मग शर्टाचं बटण लागेना. मग एके दिवशी भरल्या राफ्टमध्ये उजवं वल्हं हातातून फिरलं आणि राफ्ट दगडावर आडवी झाली. माणसं वाचली, पण त्या दिवसापासून दादा पाण्यावर गेला नाही. सुभद्रावैनी त्याला घेऊन मुंबईला गेली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, हळूहळू सगळे स्नायू जातील, औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत साफ राहील. वैनी मला हे सांगताना म्हणाली, डोकंच आधी गेलं असतं तर बरं झालं असतं गो.

आम्ही रेवदंड्याचे कोळी. हीच कुंडलिका आमच्याकडं येते तेव्हा तिची खाडी झालेली असते. दादानं वयात आल्यावर बाबांची होडी सोडली आणि नदी धरून वर डोंगराकडं गेला, राफ्टिंग करायला. बाबा चिडून म्हणायचे, नदी समुद्राकडं येते, आणि हा उलटा चालला. त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. मागं उरले मी. बाबा गेल्यावर दादानं मला कॅम्पवर आणलं. राफ्टला ठिगळं लावणं, दोऱ्या विणणं, वल्ह्यांना दोरीचे वेढे घालणं ही शेडची कामं माझी. जाळी विणलेल्या हाताला ते काही अवघड नाही. सकाळी धरणातलं पाणी सुटलं की नदी भरते आणि राफ्ट निघतात, पाणी ओसरलं की नुसते दगड. दोन्हींच्या मधल्या वेळेत मी वल्हवायलाही शिकले होते, पण खालच्या शांत टप्प्यातच. वरचा खळखळाट माझा नव्हता.

नवी फ्रेम आली ती दोन तऱ्हेच्या सामानासकट. एका खोक्यात पितळी ओअरलॉक, घोड्याच्या नालेसारखे. त्यांत वल्हं नुसतं टेकतं, हातानं फिरवता येतं, सांदीतून जाताना आत ओढून घेता येतं. दुसऱ्या खोक्यात पिना आणि क्लिपा. पिन म्हणजे फ्रेमवर उभी लोखंडी खुंटी, आणि वल्ह्याला घट्ट आवळलेली क्लिप त्या खुंटीला पकडून बसते. मग वल्ह्याचं पातं कायम उभंच राहतं, फिरत नाही, सहसा सुटत नाही. दादाला क्लिपांचा मनापासून राग. कुणी त्यांचं नाव काढलं की म्हणायचा, वल्हं बांधून घेतलं की हाताला पाणी कळत नाही, मग घरीच बसा ना. त्यामुळं कॅम्पच्या मालकांनी कुठलं बसवायचं विचारलं तेव्हा टेक आणि मी ओअरलॉकचं खोकं फोडायलाच घेतलं होतं.

दादा म्हणाला, “क्लिपा काढा.”

टेकनं माझ्याकडं पाहिलं. आम्हांला दोघांनाही एकदमच समजलं, म्हणजे तसं वाटलं. उजव्या हाताला वल्हं पेलत नाही, फिरलं तर आवरत नाही. क्लिपेत बांधलं तर फिरणार तरी नाही. दादाला परत पाण्यावर जायचं होतं.

मी त्याला शेडमागं गाठलं आणि चांगली भांडले. म्हटलं, स्वतः बुडायचं असेल तर रेवदंड्याला चल, समुद्र मोठा आहे, एवढ्याशा नदीला कशाला बट्टा लावतोस? तो ऐकत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, “झालं? उद्यापासून फ्रेम लावायला घेऊ.”

घरी वैनीनं माझे हात धरले. म्हणाली, त्याला वल्ह्यावर बसू देऊ नकोस, मी तुझ्या पाया पडते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

तर अशी ती फ्रेम लागत होती. दादा खुर्चीत, मी फळीवर. फळी पुढं घ्या, पिना खाली घ्या, क्लिप वल्ह्याच्या दांड्यावर आतल्या बाजूला सरकवा. दोन मुठींच्या मध्ये दोन बुक्क्यांची जागा राहिली पाहिजे, नाहीतर जोर लावताना बोटं एकमेकांवर आपटतात. मुठी बरगडीपाशी आल्या पाहिजेत, खांद्यापाशी नाही. मी वल्हं ओढल्यासारखं करायचे, तो डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, अजून एक भोक. मध्येच विचारायचा, कंबरेत ओढ बसते का? गुडघा ताठ होतो का? एवढ्या मायेनं त्यानं मला लहानपणी कधी विचारलं नव्हतं. मी त्याला तसं म्हटलंही. तो हसला, आणि हसताना त्याच्या ओठाची एक बाजू मागं राहिली. मी खाली बघून बोल्ट आवळला.

लावून झालं तेव्हा म्हणाला, उद्या सकाळच्या पाण्याला राफ्ट काठाशी तयार ठेवा. आणि घरी गेला.

ऊन कलल्यावर टेक शेडमध्ये आला. त्यानं फ्रेमभोवती एक फेरी मारली, टाचेपासच्या दांडीपर्यंत वीत मोजली आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.

“दीदी, यात दाइ बसूच शकत नाही. गुडघे छातीला लागतील.”

मला ते दिसत होतं. रोज दिसत होतं. मी मनात म्हणत होते की शेवटी त्याचा काहीतरी हिशेब असेल, उंचीचं तो नंतर वाढवून घेईल. आता नंतर काही उरलं नव्हतं. टेक हळूच म्हणाला, दाइ आपलं माप विसरला. डॉक्टर म्हणाले होते डोकं साफ राहील. मग हे काय? ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आपलं माप सांगता आलं असतं, त्याला ते आठवू नये? मी तिथंच रडले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्यानं आपल्या वल्ह्यांचं माप लावलं, ते दुसरा हलवत नाही. दोन गाईडांची मारामारी झाली तरी कुणी कुणाच्या बोल्टला हात लावत नाही, कारण पाण्यात ते माप म्हणजे त्याचा जीव. ती रीत आम्ही त्या संध्याकाळी मोडली. मी म्हटलं, तो जाणार असेल तर त्याला अडवायला मी कोण? पण निदान नीट बसून तरी जाऊ दे. दादाची जुनी फ्रेम शेडच्या आढ्याला टांगलेली होती. तिच्यावरून मी दोरीनं माप घेतलं, गाठ मारली, टेकनं नवी भोकं पाडली. फळी मागं, दांडी पुढं, पिना वर, क्लिप वल्ह्याच्या दांड्यावर बाहेरच्या बाजूला. उजेड जायच्या आत झालं. टेक म्हणाला, आता दाइ राजासारखा बसेल. मलाही बरं वाटलं. खरंच सांगते, कितीतरी दिवसांनी मला त्या संध्याकाळी बरं वाटलं.

सकाळी वैनी त्याला स्कूटीवर मागं बसवून घेऊन आली. मला आश्चर्य वाटलं. ती रडून, भांडून त्याला घरीच ठेवील असं मी धरून चालले होते. लाइफ जॅकेट त्यानं घरूनच घातलेलं, बक्कलं तिनं लावलेली. वर धरणातून पाणी सुटलं होतं, काठाचे दगड एकेक करून भिजत होते. टेक आपल्या कयाकमध्ये, एकट्याच्या चिंचोळ्या होडीत, बसायच्या तयारीत होता, सोबतीला म्हणून.

दादा राफ्टपाशी आला आणि थांबला. त्यानं पायानं आडवी दांडी चाचपली.

“हे कोणी हलवलं?”

टेक पुढं झाला. म्हणाला, मी आणि दीदीनं. तुमचं माप चुकलं होतं दाइ, जुन्या फ्रेमवरून घेतलं, बघा बसून.

राफ्टमध्ये चढायला दादाला टेकचा हात लागला. तो फळीवर बसला. पाय दांडीवर गेले, गुडघे जरासे वाकलेले, हवे तेवढेच. त्यानं मनगटं वल्ह्यांच्या मुठींवर ठेवली. त्या बरोबर बरगडीपाशी आल्या. तो तसाच बसून राहिला, समोर नदीकडं बघत. पाणी वाढत होतं आणि राफ्ट त्याच्याखाली हलायला लागली होती.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “अगदी बरोबर आहे रे.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “आता काढा.”

“म्हणजे?”

“मी माझं माप विसरलो नाही, शेवंते. ते तुझं होतं.”

मी वैनीकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. म्हणाली, मला सकाळी सांगितलं यांनी. शेवंती नेणार असेल तर जा म्हटलं.

मी म्हटलं, मला नाही जमणार. वरचा टप्पा मी कधी घेतलेला नाही, टेक आहे की, टेकबरोबर जा. दादा फळीवरून उठला नव्हता. म्हणाला, टेक मला पेशंटसारखा नेईल, काचेचं सामान नेल्यासारखा काठाकाठानं. आणि मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला,

“बाबांना शेवटी तू न्यायचीस. होडीत. वल्हं खुंटीला दोरीनं बांधलेलं असायचं, म्हणून क्लिप घेतली. तुझ्या हाताला तेच येतं. मी तेव्हा इथं होतो गो. मी एकदाही पाहिलं नाही.”

मी पाना घेतला. दादा उतरून दगडावर बसला आणि मी त्याच्या मापाचे बोल्ट काढायला लागले, एकेक, जे मीच आदल्या संध्याकाळी हौसेनं आवळले होते. टेक मदतीला वाकला आणि उठून पलीकडं गेला, पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं परत हात लावला नाही. फळी पुढं आली, दांडी मागं आली, पिना खाली. दादाची भोकं रिकामी राहिली. ती अजून तशीच आहेत. पावसाळ्यात पाणी धरतात, लाकूड कुजेल, बुजवून टाक असं सगळे सांगतात. मी बुजवत नाही.

निघालो. दादा सगळ्यांत पुढं बसला, पर्यटक बसतात तिथं. वैनी खालच्या काठावर जाऊन थांबणार होती. टेक मागून कयाकमध्ये. मला समोर फक्त दादाची पाठ दिसत होती आणि त्याच्यापुढं पाणी. म्हणाला होता, मी पुढून ओरडून सांगतो, डावं मार, उजवं मार. पहिला खळखळाट आला, तो बोललाच नाही. मी हाका मारल्या, दादा, कुठून घेऊ? त्यानं मान हलवली, तुझं तू बघ अशी. मग मी बघितलं. घातली राफ्ट दगडांमधल्या गुळगुळीत पाण्याच्या जिभेवर, आणि ती गेली. माझ्या प्रत्येक ओढीबरोबर त्याचे खांदे मागं येत होते. हात मांडीवर पडलेले, खांदे मात्र वल्हवत होते.

पुढं एक जागा आहे, आम्ही तिला उखळ म्हणतो, पाणी एका खड्ड्यात पडतं आणि परत वर येतं. तिथं डावं वल्हं दगडावर आपटलं आणि क्लिप पिनेवरून सुटली. मी ओरडले असेन. राफ्ट फिरायला लागली. मी वल्हं आत ओढलं, क्लिप पिनेवर ठेवून दाबली, टक्‌ असा आवाज झाला आणि मी जीव खाऊन ओढलं. बाहेर आलो तेव्हा दोघंही नखशिखान्त भिजलो होतो. या सगळ्यात दादानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

मग शांत डोह लागतो. मी वल्ही वर घेऊन धरली, दम खात बसले. राफ्ट आपोआप पुढं सरकत होती. दादा म्हणाला,

“बाबा असेच बसायचे? पुढं?”

“पुढं बसायचे. पण असे नाही.”

“मग?”

बाबांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. जाळं हाताला लागलं की त्यांना सगळं कळायचं, एरवी मात्र काही दिसत नव्हतं. ते म्हणायचे, पुढं बघून मला काय मिळणार आहे? आणि होडीत माझ्या आवाजाकडं तोंड करून बसायचे. मी गाणी म्हणायचे, गावातल्या बायकांच्या नकला करायचे, ते हसायचे. हे मी दादाला सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. तो इतकी वर्षं विचारत नव्हता आणि मीही बोलत नव्हते.

खालून शेवटच्या खळखळाटाचा आवाज यायला लागला होता. तो तसा मोठा नाही, पण माणूस बेसावध असला तर फेकतो. नव्या पोरांना गाईड म्हणून घेताना दादा पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा, नदीकडं पाठ करायची नाही. काठावर जेवायला बसलात तरी नाही. कुणी चुकून पाठ केलेली दिसली तर ताटावरून उठवायचा. मी त्याला कधी नदीकडं पाठ केलेला पाहिला नव्हता.

दादा हलला. कोपरं टेकत, गुडघ्यावर रांगत, राफ्टच्या रबराला हनुवटीनं आधार देत तो वळायला लागला. मी उठायला गेले तर म्हणाला, वल्ही सोडू नकोस. मी सोडली नाहीत. वळून तो राफ्टच्या नाकाला पाठ टेकून बसला, माझ्याकडं तोंड करून. धाप लागली होती. केस कपाळावर चिकटले होते. त्याच्या मागं पांढरं पाणी दिसत होतं.

“दादा, अरे पुढं आलं.”

“येऊ दे. कुणाची तरी नक्कल कर.”

मला कुणाचीच आठवेना. शेवटी मी त्याचीच केली. नव्या पोरांना दम देतानाची. भुवया चढवून म्हटलं, काय रे, नदीकडं पाठ? ऊठ ताटावरून.

तो हसला, ओठाच्या एका बाजूनं. आणि मग राफ्ट पाण्यात शिरली. मी ओढत होते, डावं, उजवं, पुन्हा डावं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता. पाणी मागून त्याच्या डोक्यावरून आलं, त्यानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मान वळवून एकदाही पाहिलं नाही की आता काय येतंय.

खालच्या काठावर वैनी उभी होती. तिनं पाण्यात येऊन दोरी धरली आणि त्याच्या जॅकेटची बक्कलं सोडवायला लागली.